पुणे मेट्रोच्या उशिराचा कालपट : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आजपासून काम सुरू. पुण्यात मेट्रो यायला इतकी वर्षं का लागली हे तारीखवार एका लांब कागदावर मांडायचं आणि तो पट आमच्या भागातल्या वाचनालयाच्या भिंतीवर लावायचा. एका वर्षाला एक फूट कागद धरला आहे.

पुणेकरांनीच वाद घालून उशीर केला, असं एक मत आहे. नेत्यांनी लटकवलं, हे दुसरं. दोन्ही मतं ठासून मांडली जातात. पण काम नेमकं कुठे, किती काळ आणि कोणत्या प्रश्नापाशी अडलं ते कोणी सांगत नाही. मला ते हवं आहे, कारण पुढच्या मार्गिका आता मंजुरीच्या रांगेत आहेत आणि तेच प्रश्न तिथेही येणार.

स्वतःसाठी नियम: प्रत्येक नोंदीला तीन रकाने. काय ठरलं, कोणी ठरवलं, आणि ते ठरेपर्यंत कशासाठी थांबलं होतं. तिसरा रकाना भरता येत नसेल तर ती नोंद पटावर जाणार नाही, अर्धवट वहीत राहील.

१९ जानेवारी

पट कुठून सुरू करायचा? नकाशे आणि मांडणी बघणारी माझी सहकारी म्हणाली, सरळ प्रकल्प अहवालापासून. मला त्याच्या आधीचेही काही फूट हवे आहेत. मेट्रोच्या आधी या शहराने दुसरी उत्तरं शोधून पाहिली होती, आणि ती बाजूला ठेवली तर पुढचा अविश्वास कळत नाही.

पहिलं उत्तर स्कायबस. कोकण रेल्वेने विकसित केलेली, खांबांवरच्या रुळांखाली लटकत धावणारी गाडी. ती पुण्यात आणायचं घाटत होतं. २००४ मध्ये मडगावला चाचणीच्या वेळी अपघात होऊन एक कर्मचारी दगावला आणि तो विषय मागे पडला.

दुसरं उत्तर बीआरटी. डिसेंबर २००६, कात्रज–स्वारगेट–हडपसर, देशातला पहिला प्रयोग. बससाठी स्वतंत्र मार्गिका ही कल्पना आजही मला मोलाची वाटते. पण अर्धवट मार्ग, भरधाव दुचाकी आणि रस्त्याच्या मधोमध असलेले थांबे यांमुळे रोज रस्ता ओलांडणाऱ्याच्या मनात तिची धास्तीच जास्त राहिली. पुढच्याच वर्षी पीएमटी आणि पीसीएमटी या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली.

म्हणजे मेट्रोचा अहवाल आला तेव्हा लोकांनी एक प्रयोग गुंडाळलेला पाहिला होता आणि दुसरा अडखळत चाललेला रोज अनुभवत होते. यासाठी पटाचे पहिले काही फूट फिकट रंगात ठेवतो आहोत.

२ फेब्रुवारी

दिल्ली मेट्रोने केलेला सविस्तर प्रकल्प अहवाल २००९ मधला. त्यातल्या दोन मार्गिका: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी.

आजच्या नकाशावरही याच दोन आहेत, त्याच टोकांसह. सांगाडा बदललाच नाही. लांबी मिळून ३१.२५ किलोमीटर, ३० स्थानकं. त्यामुळे योग्य मार्ग शोधण्यात वर्षं गेली, हे कारण पटावर टिकत नाही.

१६ फेब्रुवारी

आजचा पूर्ण दिवस एकाच प्रश्नावर गेला आणि तो जायलाच हवा होता: उन्नत (म्हणजे खांबांवरून) की भुयारी.

वनाज–रामवाडी मार्गिका कर्वे रस्त्यावरून येते. मूळ आखणीत पुढे डेक्कन आणि जंगली महाराज रस्ता. कर्वे रस्त्यावर खांब उभे राहिले तर उरलेल्या रस्त्यावर वाहनं कशी मावणार, दुकानांचं काय, झाडांचं काय, आग लागली तर बंब कसा जाणार, हे प्रश्न विचारणारे लोक अडवणूक करत नव्हते. त्यांना तिथेच राहायचं होतं. दुसऱ्या बाजूचा हिशेबही खोटा नव्हता. भुयारी मार्गाचा किलोमीटरमागचा खर्च उन्नत मार्गाच्या दुपटीहून जास्त येतो, स्थानक बांधायला वेळ जास्त लागतो, आणि इतका पैसा घालून रोज किती माणसं बसणार हे केंद्राला पटवून द्यावं लागतं.

दोन्ही बाजू खऱ्या असल्या की कोणीतरी निर्णय घ्यायचा असतो. तो वर्षानुवर्षं घेतला गेला नाही. महापालिकेच्या मुख्य सभेत एक ठरलं, राज्याकडे गेलं, राज्याची मान्यता २०१२ मध्ये आली. केंद्राची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१४ मध्ये. प्रत्येक पायरीवर कागद पुढे गेला आणि हा प्रश्न त्याच्यासोबत तसाच पुढे गेला. राज्यात सत्ता बदलली, तेव्हा उन्नत-भुयारी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पालकमंत्री गिरीश बापट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि २०१५ मध्ये तोडगा निघाला: मार्ग उन्नतच, पण जंगली महाराज रस्ता टाळून मुठेच्या पात्राकडेने.

सहकारीने इथे पटावर पिवळी चौकट आखली आहे. तिच्या मते पटाचा दुसरा अर्धा भाग या एका चौकटीतून निघतो.

२ मार्च

चार एफएसआयचा वाद. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत चार एफएसआय द्यायचा आणि त्यातून मिळणारा पैसा मेट्रोला लावायचा, असा प्रस्ताव. तत्त्व म्हणून मला तो पटतो. स्थानकाजवळ जास्त माणसं राहिली तरच मेट्रो भरते. पण अरुंद रस्त्यांवर, पाणी आणि सांडपाण्याची सोय न वाढवता तो दिला तर काय होईल, ही शंकाही रास्त होती. यावर झालेल्या चर्चेत मेट्रो कमी आणि विकास आराखडा जास्त होता. पटावर दोनच ओळी देतो.

९ मार्च

शेजारी दुसरा पट ठेवून पाहिला: नागपूर.

नागपूर मेट्रोचं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये, पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू. पुण्याचा अहवाल २००९ चा, केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी ७ डिसेंबर २०१६ ला, भूमिपूजन २४ डिसेंबरला, पहिली गाडी ६ मार्च २०२२ ला. पुण्यात यावर बराच राग होता आणि राजकीय पक्षपात हे एकच कारण सांगितलं जायचं. राजकारण होतंच, मी नाकारत नाही. पण नागपूरला रस्ते रुंद आहेत, आणि उन्नत मार्ग घ्यायचा यावर तिथे पुण्यासारखा सहा-सात वर्षं चाललेला वाद नव्हता. दोन्ही पट एकमेकांखाली धरले तर फरक भूमिपूजनाच्या आधीच्या भागातच दिसतो. भूमिपूजनापासून पहिल्या गाडीपर्यंत नागपूरला साडेचार वर्षं लागली, पुण्याला सव्वापाच, आणि त्यात कोरोनाचा काळ आहे.

पुण्याचं काम ज्या महामेट्रोने केलं, ती नागपूरच्याच मेट्रो कंपनीचं रूप बदलून २०१७ मध्ये उभी राहिलेली. नागपूरला शिकलेले हात इथे आले. ही ओळ पटावर ठळक हवी.

२३ मार्च

नदी.

संभाजी उद्यान आणि डेक्कन ही दोन्ही स्थानकं बाहेरून पुन्हा पाहिली. दोन्हींना मावळ्यांच्या पगडीचा आकार आहे. पात्राच्या कडेने जाणारा भाग सुमारे १.७ किलोमीटरचा. नागरिक हरित लवादाकडे गेले: पूररेषेच्या आत खांब उभे केले तर पुराचं पाणी अडेल, पात्राचं जीवन बिघडेल. २०१७ च्या सुरुवातीला लवादाने पात्रातल्या कामाला स्थगिती दिली, म्हणजे भूमिपूजन होऊन महिनाही उलटला नव्हता. पुढे अटी घालून वाट मोकळी झाली.

माझं मत स्पष्ट लिहितो. नदीवर आधीच रस्ते, भराव, वाहनतळ, राडारोडा यांचं आक्रमण आहे, आणि त्यात आणखी एक भर नको म्हणणाऱ्यांनी शहराचं भलंच पाहिलं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे प्रत्येक पुणेकराला माहीत आहे. ज्यांना पूर दिसतो त्यांना पूररेषेची काळजी वाटणारच.

पण पटाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. रस्त्यावर कोण रागावेल याचा विचार करून मार्ग नदीकडे सरकवला गेला. रस्त्यावरच्या लोकांना आवाज होता, नदीला तो लवादात जाऊन द्यावा लागला. पहिल्या भागात टाळलेला वाद दुसऱ्या भागात दुसऱ्या नावाने परत आला. आणि प्रवाशालाही त्याची किंमत आहेच. ही स्थानकं बाजाराच्या तोंडाशी नाहीत, पात्राच्या कडेला आहेत. जंगली महाराज रस्त्यावरून किंवा पेठांतून तिथे चालत जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अंतर थोडं वाटत नाही.

सहकारीने पिवळ्या चौकटीपासून इथपर्यंत बाण काढला.

६ एप्रिल

दुसरा बाण: आगाखान पॅलेस.

मूळ आखणी नगर रस्त्याने पॅलेससमोरून जात होती. पॅलेस २००३ पासून राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे. गांधीजी तिथे १९४२ ते १९४४ स्थानबद्ध होते, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई तिथेच गेले, त्यांच्या समाध्या आवारात आहेत. स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम कायद्यानेच बंद झालं. सार्वजनिक प्रकल्पांनाही तिथे सूट नाही. त्यापुढचे २०० मीटर परवानगीच्या कक्षेत.

तारखा शेजारी लिहिल्यावर गोष्ट आपोआप उलगडते. अहवाल २००९ चा, दुरुस्ती २०१० ची. त्यानंतर राज्याची मान्यता, केंद्राची तत्त्वतः मान्यता आणि अंतिम मंजुरी अशा तिन्ही पायऱ्या झाल्या, आणि मार्ग बदलायची वेळ प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर आली. मग मार्गिका कल्याणीनगरकडे वळवली. तिथल्या रहिवाशांचे आणि नदीकाठच्या पक्ष्यांच्या अधिवासाविषयीचे आक्षेप आले. कल्याणीनगर स्थानक आज ज्या जागी आहे त्याचं कारण हे. रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा ६ मार्च २०२४ ला सुरू झाला.

अहवाल झाल्यावर कायदा बदलला, तर अहवाल कायद्याच्या शेजारी ठेवून पुन्हा वाचायचं काम कोणाकडे असतं? पटावर हा प्रश्न मोठ्या अक्षरात हवा.

२० एप्रिल

लाकडी पूल, म्हणजेच संभाजी पूल. २०२१ मध्ये गणेश मंडळांनी हरकत घेतली: संभाजी पुलावरून मेट्रोचा मार्ग गेला तर विसर्जन मिरवणुकीतले उंच रथ खालून कसे जाणार? काम थांबलं, बैठका झाल्या, पुन्हा सुरू झालं. वर्तमानपत्रांत याला खूप जागा मिळाली. पटावर मोजलं तर या अडथळ्याची पट्टी अगदी अरुंद आहे, आणि वनाज ते गरवारे कॉलेज हा पहिला टप्पा पुलाच्या अलीकडेच संपत असल्यामुळे त्याच्या तारखेला धक्काही लागला नाही. मिरवणुकीची काळजी मला समजते. पण ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा झाला तो उशीर सगळ्यात लहानांपैकी निघाला, हे भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

४ मे

भुयारी भाग. शिवाजीनगर, सिव्हिल कोर्ट, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. सुमारे सहा किलोमीटर, बेसॉल्ट खडकातून. खणणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना ही नावं दिलेली, आणि बोगदा मुठेच्या खालूनही जातो. जुन्या वाड्यांच्या खालून जाताना काय होईल, ही पेठांतली धास्ती आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत होती.

खोदाई जून २०२२ मध्ये संपली. जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट स्थानक) ते स्वारगेट प्रवासी धावले २९ सप्टेंबर २०२४ ला. मधली सव्वादोन वर्षं बाहेरच्याला रिकामी वाटतात. पण भुयारी स्थानक म्हणजे जमिनीखालची इमारत: हवा खेळती ठेवणं, आग लागली तर धूर ओढून घेणं, सरकते जिने, पाण्याचा निचरा, वरून जाणारा रस्ता मोकळा करून देणं, आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. सिव्हिल कोर्ट स्थानक ३३ मीटर खोल आहे. तिथे पहिल्यांदा उतरणारा माणूस वर बघतो तेव्हा हा वेळ कशात गेला ते त्याला सांगावं लागत नाही. पटावर या काळाला निळा रंग, म्हणजे काम चालू.

याच स्थानकासाठी कामगार पुतळा वसाहतीतली घरं हलली. शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं, तात्पुरतं म्हणून, आणि अजून तिथेच आहे. खाली मेट्रो धावते आणि वर गावाहून येणारी म्हातारी माणसं पिशव्या घेऊन वाकडेवाडीहून रिक्षा शोधतात. मेट्रोचा उशीर संपला, त्याच्यामुळे झालेला हा उशीर संपलेला नाही. त्याला पटाखाली वेगळी पट्टी देणार.

१८ मे

हिंजवडी–शिवाजीनगर, तिसरी मार्गिका. पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), खासगी भागीदारीतून, सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानकं. भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल त्यासाठी २०२० मध्ये पाडले. मेट्रो अजून धावलेली नाही. ज्या हिंजवडीसाठी शहराला मेट्रोची निकड सर्वांत आधी वाटायला हवी होती, तीच रांगेत मागे राहिली, याची खंत वाटते. २००९ च्या दोन मार्गिकांत हिंजवडी नव्हती. तोवर तिथलं आयटी पार्क चांगलं वाढलेलं होतं.

वेगळा पट लागेल. या पटावर फक्त सुरुवात दाखवतो.

१ जून

आमच्या ओळखीचे एक निवृत्त स्थापत्य अभियंता पट बघायला आले. शांतपणे सगळा वाचला आणि म्हणाले, "अहो, यात उशीर म्हणजे वाईटच, असं दिसतंय. तसं नसतं. आगाखान पॅलेससमोर खांब उभा राहिला नाही, हे उशिरामुळेच ना?"

त्यांचं म्हणणं मला पटलं आणि त्यावरून रंगांची विभागणी बदलली. आता थांबण्याचे दोन रंग आहेत. ज्या थांबण्यातून काहीतरी बदललं, म्हणजे मार्ग, अट, रचना, त्याला हिरवा. ज्या थांबण्याच्या आधी आणि नंतर तोच कागद तसाच होता, त्याला करडा. हरित लवादाचा काळ हिरवा. पॅलेसचा काळ हिरवा, पण तो प्रश्न २०१० मध्येच सुटायला हवा होता म्हणून त्याच्या आधीचा सगळा करडा.

रंगवून झाल्यावर पटाचा मधला भाग, २०१० ते २०१५, जवळजवळ सलग करडा आहे.

८ जून

लांबी मोजली. अहवालापासून केंद्राच्या अंतिम मंजुरीपर्यंत सात वर्षांहून थोडं जास्त. मंजुरीपासून ३१ किलोमीटरच्या दोन्ही मार्गिका टोकापासून टोकापर्यंत धावेपर्यंत पावणेआठ वर्षं. कागदावर दोन्ही भाग जवळपास सारखेच. खडक फोडून, नदीखालून जाऊन, साथीच्या काळात मजूर गावी गेलेले असताना शहराने मेट्रो बांधली, आणि तेवढाच वेळ त्याने ती बांधायची की नाही, कशी बांधायची, हे ठरवण्यात घालवला होता.

त्या सात वर्षांत शहर थांबलं नाही. ज्याला बस मिळेना त्याने दुचाकी घेतली, मग मुलासाठी दुसरी घेतली. एकदा घेतलेली गाडी मेट्रो आली म्हणून कोणी विकत नाही. हा तोटा मंजूर झालेल्या ११,४२० कोटींत कुठेही धरलेला नाही.

२२ जून

खडकी स्थानक सुरू झालं. दोन वर्षं गाड्या तिथून न थांबता जात होत्या. रेंजहिल्स अजून बाकी. पटाच्या शेवटी जागा ठेवली होती ती कामी आली.

२९ जून

पट भिंतीवर लागला. वाचनालयाने खाली एक वही ठेवली आहे, त्यात लोकांनी आपापल्या आठवणी लिहायच्या. पहिली नोंद कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानदाराची आहे आणि ती पूर्ण पानभर आहे.

या आठवड्यात, २५ जूनला, केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाज–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली या विस्तारांना मंजुरी दिली: १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी रुपये. स्वारगेट–कात्रज भुयारी मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्येच मिळाली आहे. दोन्हींसाठी नवे कागद आखले, तेच तीन रकाने. या वेळी तिसरा रकाना मागे वळून भरायचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसून भरायचा: या महिन्यात कशासाठी थांबलं, कोणाकडे थांबलं. पहिली बैठक ६ जुलैला, सकाळी दहा वाजता, वाचनालयात. वाघोलीकडून येणारं कोणीतरी हवं आहे.